नवा गायक चालेल, तोतया नको

"फ्रेडी गेला तेव्हाच क्वीन संपलं. आता फिरतोय तो नुसता ऑर्केस्ट्रा." आमचे एक मावसबंधू हे वाक्य लग्नात, मुंजीत आणि हल्ली घरच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर ठरावीक अंतराने टाकत असतात. त्यावर चार अंगठे येतात, एखादा रडका चेहरा येतो आणि मंडळी पुन्हा गुड मॉर्निंगच्या फुलांकडे वळतात. हा दादा इथेही वाचायला येतो हे मला पक्कं ठाऊक आहे. म्हणून आज ग्रुपवर न भांडता इथेच भांडते. दादा, तुझं वाक्य अर्धं चूक आहे. आणि जे अर्धं बरोबर आहे, ते तू सांगतोस त्या कारणाने बरोबर नाही.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना पोळ्या करायच्या आहेत त्यांची सुटका होईल. बँडने गायक बदलला यात काहीही गैर नाही. गायक मेला, सोडून गेला, भांडून गेला, दारूपायी हाकलला गेला... कारण काहीही असो, बाकीच्या तिघाचौघांनी आपली वाद्यं बासनात गुंडाळून जन्मभर सुतक पाळायचं असा नियम कुणी केला? गैर आहे ते वेगळंच. नव्या माणसाला आणायचं आणि त्याला जुन्याचा आवाज काढायला लावायचं, हे गैर. तेव्हा माझी कसोटी एकच. नवा गायक आल्यावर त्याच्यासाठी नवी गाणी झाली का? आणि ती त्याची झाली का? झाली असतील तर तो त्या बँडचा गायक. नसतील तर तो तोतया, मग तो कितीही सुरेल गावो.

मुळात 'ओरिजिनल गायक' ही भानगड जरा तपासून बघू. डीप पर्पलचं 'स्मोक ऑन द वॉटर' तर सगळ्यांनाच माहीत. गिटार विकत घेतलेला प्रत्येक कॉलेजकुमार पहिल्या आठवड्यात तेच वाजवून शेजाऱ्यांचा जीव खातो. ते गाणारा इयन गिलन हा पर्पलचा पहिला नव्हे, दुसरा गायक. १९६८ साली बँड निघाला तेव्हा रॉड इव्हान्स गात होता आणि 'हश' हे त्यांचं पहिलं गाजलेलं गाणं त्याच्याच आवाजात आहे. एसी/डीसीचा बॉन स्कॉट हाही दुसराच. त्याच्याआधी डेव्ह इव्हान्स होता. बॉन आला १९७४ मध्ये. आयर्न मेडनचे पहिले दोन अल्बम पॉल डिआनोच्या आवाजातले, ब्रूस डिकिन्सन आला १९८१ मध्ये. जर्नीच्या ज्या स्टीव्ह पेरीसाठी लोक आजही हळवे होतात, तो १९७७ साली आला तेव्हा त्या बँडचे तीन अल्बम निघून गेलेले होते. आणि पिंक फ्लॉइड? ज्याच्या डोक्यातून तो बँड उभा राहिला तो सिड बॅरेट १९६८ मध्येच बाहेर पडला. 'डार्क साइड ऑफ द मून' आला १९७३ साली.

म्हणजे बघा, पहिल्या बदलीच्या वेळी या शुद्धतावाद्यांचं ऐकून सगळ्यांनी दुकानं बंद केली असती, तर ज्यांच्या नावाने हे आज गळा काढतात ते गायक आपल्याला मिळालेच नसते. 'ओरिजिनल' म्हणजे खरं तर आपण सोळा वर्षांचे असताना जो गात होता तो. यात संगीताचा संबंध कमी आणि आपल्या मिसरुडाचा जास्त.

आता चांगलं कसं करतात ते बघू. एसी/डीसीचंच घ्या. १९ फेब्रुवारी १९८० रोजी बॉन स्कॉट लंडनमध्ये गेला. वय अवघं ३३. आदल्याच वर्षी 'हायवे टू हेल' आला होता, अमेरिकेत कुठे जरा बस्तान बसत होतं. माल्कम आणि अँगस या यंग भावांच्या मनात बँड मोडायचं येऊन गेलं. बॉनच्या घरच्यांनीच 'थांबू नका' म्हटलं असं त्यांनी पुढे सांगितलं आहे. मग त्यांनी न्यूकॅसलकडचा ब्रायन जॉन्सन आणला. जॉर्डी नावाच्या बँडमध्ये गाऊन झालेला आणि तेव्हा मोटारींच्या टपांवर व्हिनाइल चढवून देण्याचा धंदा करत असलेला हा माणूस. बहामाजमध्ये रेकॉर्डिंग झालं आणि जुलै संपायच्या आत 'बॅक इन ब्लॅक' दुकानात होता. बॉनला जाऊन सहा महिनेसुद्धा झाले नव्हते.

घाई झाली? निर्लज्जपणा झाला? मला तसं वाटत नाही. त्यांनी काय केलं ते नीट बघा. कव्हर अख्खं काळं. पहिलं गाणं सुरू होण्याआधी घंटेचे टोल. म्हणजे माणूस गेल्याचं लपवलं नाही, दारातच सांगितलं. आणि आत दहाच्या दहा गाणी नवी, दोघा यंगांच्या जोडीला जॉन्सनचं नाव लेखक म्हणून छापलेलं. बॉनचा आवाज खट्याळ, कठड्यावर रेलून डोळा मारणारा. जॉन्सनचा आवाज म्हणजे पत्रा कापावा तसा. त्याने बॉनची नक्कल करायचा प्रयत्नही केला नाही, आणि यंग बंधूंनी त्याच्याकडून ती मागितली नाही. एकट्या अमेरिकेत अडीच कोटींहून जास्त प्रतींचं प्रमाणपत्र मिळालेला तो अल्बम आहे. पण खपाचं सोडा. खप हा माझा मुद्दाच नाही. मुद्दा हा की मेलेल्या मित्राची जागा त्यांनी भरली नाही. ती तशीच ठेवून शेजारी दुसरी खुर्ची मांडली.

त्याच वर्षी बर्मिंगहॅमच्या ब्लॅक सबाथनेही हेच केलं. ओझी ऑस्बोर्नला त्यांनी १९७९ मध्ये काढून टाकलं होतं. ओझीशिवाय सबाथ म्हणजे कांद्याशिवाय मिसळ असंच सगळ्यांना वाटत असणार. आला रॉनी जेम्स डिओ, आणि १९८० मध्ये 'हेवन अँड हेल' निघाला. ओझीच्या काळात शब्द बहुतांशी बेस वाजवणारा गीझर बटलर लिहायचा. डिओ आपले शब्द आपण घेऊन आला. आवाज वेगळा, चालींची ठेवण वेगळी, गिटारसुद्धा वेगळ्या तऱ्हेने वाजायला लागली. ज्यांना ओझी हवा होता त्यांच्यासाठी जुन्या तबकड्या होत्याच की, त्या कुणी विरघळवून टाकल्या नव्हत्या!

जेनेसिसची गोष्ट तर मला फार आवडते. पीटर गेब्रिएल म्हणजे कोल्ह्याचं मुंडकं आणि लाल झगा घालून मंचावर येणारा, डोक्याभोवती फुलाच्या पाकळ्या लावून गाणारा गडी. १९७५ मध्ये तो निघून गेला. बाकीच्यांनी ढीगभर गायक तपासले आणि शेवटी लक्षात आलं की गायक तर मागे ड्रम बडवत बसलाय. फिल कॉलिन्स. १९७६ साली 'अ ट्रिक ऑफ द टेल' आला. कॉलिन्सने कोल्ह्याचं मुंडकं घातलं नाही. साधा शर्ट घालून उभा राहिला आणि गायला. एवढंच करायचं असतं, मंडळी.

आता कुणी म्हणेल, की बाई, ही सगळी जिंकलेल्यांची यादी झाली, हरलेल्यांचं काय? बरोबर आहे. म्हणून हरलेल्यांकडे येते, कारण माझी कसोटी यशाची नाहीच. कॉलिन्सही १९९६ मध्ये जेनेसिसमधून गेला. जागी रे विल्सन आला, १९९७ मध्ये 'कॉलिंग ऑल स्टेशन्स' निघाला. तो अमेरिकेत एवढा पडला की तिथला दौराच रद्द करावा लागला आणि बँडने गाशा गुंडाळला. आयर्न मेडनमधून डिकिन्सन गेल्यावर १९९४ साली ब्लेझ बेली आला. त्याचा आवाज खालच्या पट्टीतला. डिकिन्सनची आभाळातली गाणी गाताना त्याची रोज रात्री दमछाक व्हायची आणि लोक त्याचं माप काढायचे. दोन अल्बम करून १९९९ मध्ये तो गेला, डिकिन्सन परत आला.

फसला प्रयोग? माझ्या मते नाही. कारण 'साइन ऑफ द क्रॉस' आणि 'द क्लॅन्समन' ही ब्लेझच्या काळातली गाणी डिकिन्सन परत आल्यावरही मेडन वाजवत राहिलं आणि हजारो लोक ती घसा फाटेस्तोवर गात राहिले. म्हणजे ज्याला लोकांनी हुर्यो केलं, त्याच्या पाच वर्षांतून बँडच्या पोतडीत काहीतरी कायमचं जमा झालं. ब्लेझ हरला तो डिकिन्सनच्या गाण्यांत. स्वतःच्या गाण्यांत तो हरला नाही. हा फरक मला फार मोठा वाटतो.

आणि इथून पुढे मला राग यायला सुरुवात होते.

जूडास प्रीस्टचा रॉब हॅलफर्ड १९९२ मध्ये बाहेर पडला. चार वर्षांनी बँडने ओहायोतल्या अ‍ॅक्रनचा टिम ओवेन्स निवडला. कुठून? प्रीस्टचीच गाणी वाजवणाऱ्या 'ब्रिटिश स्टील' नावाच्या नकली बँडमधून. परीकथाच की ही! २००१ मध्ये 'रॉक स्टार' नावाचा सिनेमा आला त्याचं बीजही इथलंच. पण परीकथेच्या पुढचं पान वाचा. १९९७ चा 'जुग्युलेटर' हा ओवेन्सचा पहिला अल्बम. गाणी नवी, पण त्यावर लेखक म्हणून नावं दोघा गिटारवाल्यांची, टिप्टन आणि डाउनिंगची. ज्याच्या तोंडून शब्द येतायत त्याचं नाव नाही. २००३ मध्ये हॅलफर्ड परतला आणि ओवेन्सला निरोप मिळाला. त्याला घेताना तो हॅलफर्डसारखा गातो म्हणून घेतलं होतं. खुद्द हॅलफर्ड आल्यावर 'सारख्या'ची गरज कुणाला? तोतयाची नोकरी अशीच असते. खरा दारात आला की त्याच दिवशी संपते.

जर्नीचं तर पुस्तकात धडा म्हणून लावावं. पेरीनंतर स्टीव्ह ऑगेरी आला, मग थोडा काळ जेफ स्कॉट सोटो. मग २००७ मध्ये गिटारवाला नील शॉन यूट्यूबवर शोधत बसला आणि त्याला मनिलामधला आर्नेल पिनेडा सापडला. लहानपणी आई गेल्यावर रस्त्यावर झोपून दिवस काढलेला हा माणूस. आवाज असा की डोळे मिटले तर पेरीच. पिनेडाबद्दल मला प्रेमच वाटतं, त्याच्यावर माझा काडीचा रोष नाही. पण २००८ मध्ये त्याला घेऊन जो 'रेव्हलेशन' नावाचा संच काढला त्यात काय होतं बघा. एका तबकडीवर नवी गाणी, आणि दुसरीवर पेरीच्या काळातली जुनी हिट गाणी, पिनेडाकडून पुन्हा गाऊन घेतलेली. कशासाठी? ती गाणी तर होतीच की बाजारात! दुसऱ्या तबकडीचा अर्थ एवढाच की घाबरू नका, काहीही बदललेलं नाही. पुढे २०११ आणि २०२२ मध्ये नवे अल्बमही आले, हे मान्य करते. पण तिकिटं विकली जातात ती आजही १९८१ च्या 'डोन्ट स्टॉप बिलीव्हिंग'वर, आणि पिनेडाने ते कसं गायचं हे त्याच्या जन्मदाखल्याने नाही, पेरीच्या रेकॉर्डने ठरतं.

फॉरिनरने तर कमाल केली. २००९ नंतर नव्या गाण्यांचा अल्बमच नाही. मूळचा एकच उरलेला सदस्य मिक जोन्स, तोही तब्येतीमुळे शेवटची काही वर्षं मंचावर नसायचा. मग मंचावर होतं काय? नाव. फक्त नाव होतं, आणि त्या नावाच्या खाली उत्तम पगारी माणसं.

आता तुम्ही म्हणाल, हिला एवढं लागायचं कारण काय? दूरदेशच्या केसाळ म्हाताऱ्यांनी काय वाटेल ते करावं. तर सांगते. घरातल्या लोकांना हे माहीत आहे, बाकीच्यांसाठी लिहिते. माझा एक मामा ऐंशीच्या दशकात आमच्या तालुक्याच्या गावी ऑर्केस्ट्रात गायचा. निवेदक त्याची ओळख 'व्हॉइस ऑफ मुकेश' अशी करून द्यायचा. पोस्टरवर मुकेशचा फोटो मोठा, मामाचं नाव खाली बारीक. मामा हार्मोनियमवर स्वतः चाली लावायचा, निळ्या रेघांची एक वही होती, त्यात शब्द लिहिलेले असायचे. एका गणेशोत्सवात त्याने संयोजकांना विचारलं, एक माझं गाणं म्हणू का? "लोक मुकेशसाठी आलेत" असं उत्तर मिळालं. पुन्हा त्याने कधी विचारलं नाही. मामी सांगते की पोराला झोपवताना अंगाईसुद्धा ते मुकेशच्याच नाकातून म्हणायचे. मामाला जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्याच्या दोन कॅसेटी आमच्याकडे आहेत, दोन्हीवर मुकेश आहे. मामाचा स्वतःचा आवाज कसा होता, हे त्याच्या सख्ख्या भाचरांपैकी एकालाही सांगता येत नाही.

म्हणून लागतं मला ते. एखाद्या चांगल्या गळ्याला आयुष्यभर दुसऱ्याचा आवाज भाड्याने वाहायला लावणं ही करमणूक नाही, ती त्या माणसाची हानी आहे. पैसे मिळाले तरी आहे. टाळ्या मिळाल्या तरी आहे. उलट टाळ्या मिळाल्या तर जास्तच, कारण मग सुटायचं कसं?

पण तोतये उभे कोण करतं? फक्त लोभी मॅनेजर आणि रिकाम्या खिशाचे गिटारवाले? आपल्याकडे पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंचा तोतया निघाला होता, शाळेत शिकलोय आपण. तो एवढा चालला कसा? कारण भाऊ गेलेच नाहीत असं मानणारी माणसं होती. पार्वतीबाईंनी तर शेवटपर्यंत स्वतःला विधवा म्हणवून घेतलं नाही. त्यांचं दुःख खरं होतं, त्यावर बोलायचा मला अधिकार नाही. पण माणूस परत यावा ही इच्छा जितकी मोठी, तितकं तोतयाचं काम सोपं, हे मात्र खरं. रॉकच्या बाबतीत ती इच्छा रसिकांची आहे. नवं गाणं सुरू झालं की उठून बिअर आणायला जातात ते रसिक. २००६ साली आयर्न मेडनने आपला नवा अल्बम पहिल्या गाण्यापासून शेवटपर्यंत मंचावर वाजवला तेव्हा ज्यांनी जुन्या गाण्यांसाठी कुरकुर केली ते. रे विल्सनला ऐकायच्या आधीच ज्यांनी निकाल दिला ते.

गंमत अशी की 'फ्रेडी गेला, दुकान बंद करा' म्हणणारा आणि 'कुणीही गावो, पण डिट्टो तस्सं गावो' म्हणणारा, हे दोघे एकमेकांचे शत्रू आहेत असं आपल्याला वाटतं. नाहीत. दोघांचीही मागणी एकच आहे, की १९८१ नंतर काही घडू नये. पहिला त्यासाठी बँडला मारायला निघतो, दुसरा नव्या गायकाला.

आता येते क्वीनकडे. फ्रेडी मर्क्युरीबद्दल आपल्याला जरा जास्त आपुलकी, आणि ती साहजिकच आहे. झांझिबारचा फारुख बलसारा पाचगणीला सेंट पीटर्समध्ये शिकला, 'द हेक्टिक्स' नावाचा त्याचा पहिला बँड तिथलाच. म्हणजे महाबळेश्वरला जाताना आपण ज्या गावात स्ट्रॉबेरी क्रीम खायला थांबतो, तिथे हा पोरगा पियानो बडवत होता. २४ नोव्हेंबर १९९१ ला तो गेला. बेस वाजवणारा जॉन डीकन काही वर्षांनी निवृत्त झाला आणि परत आला नाही. त्याचा निर्णय मला पूर्ण मान्य. उरले ब्रायन मे आणि रॉजर टेलर. त्यांनी २००४ ते २००९ पॉल रॉजर्सबरोबर काम केलं आणि २०११ पासून अ‍ॅडम लँबर्टबरोबर. पण पाटीवर काय लिहिलं? 'क्वीन + पॉल रॉजर्स'. 'क्वीन + अ‍ॅडम लँबर्ट'. दादा, त्या अधिकच्या चिन्हाकडे तू कधी बघितलंस का? ते छोटंसं चिन्ह म्हणतं की हा पाहुणा आहे, हा फ्रेडी नाही आणि आम्ही तसं सांगतही नाही. लँबर्ट तर मंचावरून स्वतःच हे बोलून दाखवतो. त्याचा पेहराव, त्याचा तोरा त्याचा स्वतःचा. खोट्या मिश्या लावून तो आलेला नाही. म्हणून त्याला तोतया म्हणणं अन्याय आहे.

तरीही तुझं अर्धं बरोबर आहे असं मी का म्हटलं? कारण रॉजर्सबरोबर त्यांनी २००८ मध्ये 'द कॉसमॉस रॉक्स' हा नवा अल्बम तरी केला. तो काही फार थोर नव्हता, पण केला. लँबर्टबरोबर इतकी वर्षं फिरून, एवढी स्टेडियमं भरवून, त्याच्यासाठी नव्या गाण्यांचा एक अल्बम झाला नाही. इतका तयारीचा गळा, दहा वर्षांहून जास्त काळ, आणि त्याच्या नावावर बँडची एक ओळ नाही! म्हणजे दोष लँबर्ट आला हा नाही. त्याला पुरतं येऊ दिलं नाही, हा आहे.

नावाचा प्रामाणिकपणा ही काही फालतू गोष्ट नाही. सबाथमधली मंडळी २००६ पासून डिओबरोबर पुन्हा एकत्र आली तेव्हा त्यांनी 'ब्लॅक सबाथ' हे नाव वापरलं नाही, 'हेवन अँड हेल' म्हणून वाजवलं आणि २००९ मध्ये नवा अल्बमही काढला. उलट डोअर्सचे रे मॅन्झरेक आणि रॉबी क्रीगर २००२ मध्ये जिम मॉरिसनच्या जागी इयन अ‍ॅस्टबरीला घेऊन 'डोअर्स ऑफ द ट्वेंटीफर्स्ट सेंच्युरी' म्हणून निघाले, तर त्यांच्याच ड्रमवाल्याने, जॉन डेन्समोरने, त्यांना कोर्टात खेचलं आणि ते नाव बंद करायला लावलं. आणि लिनर्ड स्किनर्ड? १९७७ च्या विमान अपघातात त्यांचा गायक रॉनी व्हॅन झँट गेला. दहा वर्षांनी वाचलेले एकत्र आले, गायला रॉनीचा धाकटा भाऊ जॉनी. त्या दौऱ्यात 'फ्री बर्ड' आलं की जॉनी गायचा नाही. बँड नुसती वाद्यं वाजवायचा आणि शब्द लोक म्हणायचे. सख्ख्या भावाला कळलं की ही जागा आपली नाही. पुढे बँडने जॉनीबरोबर नवे अल्बम केले, आणि कालांतराने तो ते गाणंही गाऊ लागला. या क्रमाला माझी हरकत नाही. आधी रिकामी जागा दाखवली, मग स्वतःचं काम केलं, मग जुन्याला हात घातला.

एक आक्षेप राहिला, आणि तो खरा आहे. पोट. या लोकांना दुसरं काही येत नाही, मागे शंभर माणसांचा ताफा असतो, आणि समोरचे दोन तास खूश होऊन घरी जातात. मग कुणाचं काय बिघडलं? काही नाही बिघडलं, पोट भरण्याला माझा विरोध नाही. जुनी गाणी जरूर गा, रोज गा. जॉन्सनही बॉनची गाणी चाळीस वर्षं गातोच आहे. पण तो ती आपल्या पत्र्याच्या आवाजात गातो, कारण त्याला उभं राहायला स्वतःची दहा गाणी होती. ज्याच्याकडे ती नाहीत त्याने उभं कुठे राहायचं?

शिवाय ही वाट कुठे जाते ते आता दिसायला लागलंय. ज्या डिओने दुसऱ्याच्या जागेवर जाऊन स्वतःचा आवाज लावला, तो २०१० मध्ये गेला आणि २०१६ मध्ये जर्मनीतल्या वॅकनच्या महोत्सवात त्याचं होलोग्राम मंचावर उभं केलं. २ डिसेंबर २०२३ ला किस या बँडने न्यूयॉर्कमध्ये शेवटचा कार्यक्रम केला आणि त्याच रात्री पडद्यावर स्वतःचे डिजिटल अवतार दाखवले, की यापुढे हे वाजवतील. आवाज तर आता संगणक कुणाचाही काढून देतो. म्हणजे तोतयाला माणूससुद्धा लागणार नाही. त्याला घसा बसणार नाही, तो पैसे वाढवून मागणार नाही, आणि 'एक माझं गाणं म्हणू का' असं तर मुळीच विचारणार नाही. 'डिट्टो तस्सं' ही मागणी शेवटी इथेच पोचते. आणि ती पुरवणारं यंत्र मिळाल्यावर पुढच्या ब्रायन जॉन्सनला, टपांना व्हिनाइल चढवणाऱ्या कुठल्यातरी माणसाला, फोन कोण करेल?

तेव्हा मंडळी, माझं मागणं फार थोडं आहे. गायक बदलला म्हणून नाकं मुरडू नका. नवा जुन्यासारखा गात नाही म्हणून तर मुळीच नका. नवा जुन्यासारखाच गातोय असं दिसलं की मात्र जरूर मुरडा, आणि विचारा की याचं स्वतःचं गाणं कुठाय? आणि ते गाणं जेव्हा कधी लागेल, मंचावर नाहीतर कानातल्या हेडफोनमध्ये, तेव्हा तेवढं उठू नका, पुढे ढकलू नका. चार-पाच मिनिटांचा तर प्रश्न असतो. बिअर कुठे पळून जात नाही.